न उघडलेल्या फाइलीचा पाऊस

अगं, बोरी अरब गावच्या पावसाचा प्रोग्रॅम लिहायला घेतलास, फार बरं वाटलं. आता एक मनातलं सांगते. एखाद्या वर्षाची फाइल उघडली नाही की पुष्कळ जण पायथनमध्ये ‘एक्सेप्ट’खाली ‘पास’ लिहून मोकळे होतात. तू तसं करू नकोस बाई. मग त्या वर्षाच्या रकान्यात सुरुवातीचं शून्य तसंच राहतं आणि आलेखावर न पडलेला दुष्काळ दिसतो. त्यातही १९७२ ची फाइल असेल, तर कुणाला शंकासुद्धा येणार नाही. तो दुष्काळ तर घरोघरी ठाऊक आहे.

हवामान खात्याची रोजच्या पावसाची पाव अंशाच्या जाळीची फाइल घे. एका दिवसाचे १३५ गुणिले १२९ आकडे, प्रत्येक चार बाइटचा. म्हणजे ३६५ दिवसांची फाइल बरोब्बर २,५४,२५,९०० बाइटची हवी, लीप वर्षाची ६९,६६० बाइटने मोठी. उघडायच्या आधी हे मोजच. या बायनरी फाइलीला हेडर नसतं, म्हणून डाउनलोड अर्ध्यात तुटलं तरी ती मुकाट्याने उघडते. लाइट गेली, नेट गेलं की असं होतंच. आणि आतला उणे ९९९ म्हणजे पाऊस नव्हे, माहिती नाही एवढंच. तो सरासरीत घेऊ नकोस.

तीच माहिती नेटसीडीएफ प्रकारच्या फाइलीत घेतलीस, तर निराळं. तिथे ‘अननोन फाइल फॉरमॅट’ आलं, तर ती फाइल नोटपॅडमध्ये उघडून बघ. कितीदा तरी आत लॉगिनचं पान निघतं, नाव तेवढं पावसाचं.

फाइल सापडली नाही, वाचायची परवानगी नाही, फाइल अर्धवट आहे: तिन्हींचे निरोप वेगळे लिही. ‘एरर आली’ एवढ्यावर बोरी अरबच्या शेतकऱ्याच्या पोराने काय करायचं? कोणती फाइल, कुठल्या फोल्डरमध्ये शोधली, आता काय करायचं, हे साध्या मराठीत सांग. मूळ इंग्रजी एररही लॉगमध्ये राहू दे. पुढे दुरुस्त करणाऱ्याला तीच लागते.

एका फाइलीपायी सगळा प्रोग्रॅम मात्र बंद पाडू नकोस. १९०१ पासूनची बाकीची वर्षं वाचू दे. न वाचलेल्या वर्षाची जागा आलेखात रिकामी सोड, आणि त्या वर्षांची यादी आलेखाखालीच छाप, वेगळ्या फाइलीत नको. कापूस-तुरीची पेरणी ठरवणारा माणूस आलेख बघतो, लॉग नाही.