जठरातील विकृती एंडोस्कोपीने काढल्यानंतरचा विलंबित रक्तस्राव : वैद्याची सावधानता

जठराच्या अंतस्त्वचेपुरता मर्यादित असलेला प्रारंभिक कर्करोग पोट न उघडता, एंडोस्कोपीद्वारे सोलून काढण्याची पद्धत १९९० च्या दशकात जपानमध्ये विकसित झाली. असे रुग्ण आता क्वचित आपल्याही चिकित्सालयात येतात. शक्ती भरून यावी म्हणून ते आयुर्वेदीय औषध मागतात आणि नेमका तोच काळ धोक्याचा असतो.

विकृती काढलेल्या जागी विस्तृत व्रण उरतो. तो भरून येण्यास साधारणतः आठ आठवडे लागतात. व्रणतळाशी असलेल्या सिरा आम्लाच्या संपर्काने पुन्हा फुटू शकतात. सुमारे शंभरात पाच रुग्णांत असा रक्तस्राव होतो. बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत, क्वचित त्यानंतरही. रक्त गोठू न देणारी औषधे व डायलिसिस ही त्याची प्रबळ कारणे होत. तीन सेंटिमीटरहून मोठी विकृती आणि जठराच्या अधोभागातील स्थान यांनीही धोका वाढतो.

प्रतिबंधासाठी शल्यचिकित्सक व्रणातील दिसणाऱ्या सिरा त्याच वेळी दग्ध करतात. सुश्रुतोक्त चतुर्विध रक्तस्तंभनातील सिरासंकोचक दहन ते हेच. पुढे पँटोप्रॅझोलसारखे आम्लरोधक औषध काही आठवडे द्यावे लागते. वेदना नाही म्हणून ते थांबवून केवळ कामदुधा वा शतावरी यांवर रुग्णास ठेवणे योग्य नाही. हृदयातील स्टेंटसाठी चालू असलेले ॲस्पिरिनही आपण परस्पर बंद करू नये. तो निर्णय हृदयरोगतज्ज्ञ व एंडोस्कोपी करणारे तज्ज्ञ यांनी मिळून घ्यावयाचा असतो. भल्लातक, लशुन, चित्रक आदी तीक्ष्णोष्ण द्रव्ये व सांधेदुखीच्या वेदनाशामक गोळ्या मात्र या काळात टाळाव्यात.

खरा प्रमाद निदानात होतो. काळा मल पाहून अधोग रक्तपित्त मनात येते. त्यात प्रतिमार्गहरण म्हणून वमन सांगितले आहे, आणि बलवान रुग्णाचे रक्त आरंभी रोखू नये असाही चरकाचा निर्देश आहे. परंतु येथे दोषोत्क्लेश नसून छेदित सिरेतून होणारा स्राव आहे. हे दोन्ही नियम येथे लावल्यास रुग्ण दगावेल.

माझ्याकडील एका साठीच्या गृहस्थांना पांडुतेसाठी मी मंडूर दिले होते. नवव्या दिवशी मल काळा झाला, तेव्हा तो लोहाचा परिणाम समजून मी एक दिवस वाट पाहिली. दुसऱ्या दिवशी ते उठताना भोवळ येऊन पडले. तातडीने रुग्णालयात नेल्यावर एंडोस्कोपीने सिरा पुन्हा बंद केली गेली; ते वाचले. लोहाने मल काळा होतो, पण सहसा डांबरासारखा चिकट व दुर्गंधी होत नाही, हे मी त्यांना विचारलेच नव्हते. तेव्हापासून व्रण भरल्याची खात्री होईपर्यंत अशा रुग्णांस मी लोहकल्प देत नाही. काळा चिकट मल, रक्ताची उलटी, भोवळ, शीत स्वेद किंवा द्रुत नाडी यांपैकी काहीही आढळल्यास तोंडावाटे काहीही न देता, शस्त्रकर्माच्या कागदपत्रांसह रुग्णास त्याच दिवशी, शक्य तर त्याच घटकेस, एंडोस्कोपीची सोय असलेल्या रुग्णालयात पाठवावे.