हेडमास्तरांचे हास्य

विनोद म्हणजे अभ्यास टाळण्याचे साधन, अशी पुष्कळ पालकांची समजूत असते; आणि विनोद म्हणजे दुसऱ्याची फजिती, अशी पुष्कळ विद्यार्थ्यांची. या समजुती कितपत खऱ्या आहेत हे पाहण्यासाठी प्रल्हाद केशव अत्रे यांचे चित्रपटक्षेत्रातील कार्य आम्ही येथे विचारास घेत आहो.

अत्रे यांचा जन्म १३ ऑगस्ट १८९८ रोजी सासवडजवळील कोढीत या गावी झाला. त्यांचा मूळ पेशा शिक्षकाचा. पुण्याच्या कँप एज्युकेशन सोसायटीच्या शाळेचे ते हेडमास्तर होते, आणि अध्यापनशास्त्राच्या अभ्यासासाठी लंडनलाही जाऊन आले होते. ‘झेंडूची फुले’ हा विडंबनकाव्यांचा संग्रह आणि ‘साष्टांग नमस्कार’ हे नाटक यांनी त्यांचा विनोद घरोघरी पोहोचला. पुढे तोच विनोद रुपेरी पडद्यावर आला.

चित्रपटात पटकथाकार प्रसंग व संवाद रचतो, आणि ते पडद्यावर कसे दिसावेत हे दिग्दर्शक ठरवितो. अमेरिकेत चार्ली चॅप्लिन यांनी ही दोन्ही कामे एकहाती केली. अत्रे यांनी प्रथम लेखन केले. दिग्दर्शन मास्टर विनायक यांचे होते. १९३८ च्या ‘ब्रह्मचारी’त उत्साहाच्या भरात ब्रह्मचर्याची प्रतिज्ञा करणारा तरुण आहे. प्रतिज्ञा करणे सोपे, निभावणे कठीण, हे त्याच्या फजितीवरून प्रेक्षकांस आपोआप उमगते. १९३९ च्या ‘ब्रँडीची बाटली’त बगाराम नावाचा म्युनिसिपालिटीतील भित्रा कारकून आहे. ही भूमिका दामूअण्णा मालवणकर यांनी केली. मद्याशी ज्याची ओळखही नाही, त्या बिचाऱ्यावर ब्रँडीची बाटली शोधीत फिरण्याची पाळी येते! आपण पोट धरून हसतो. परंतु बगारामाविषयी मनात तिरस्कार उत्पन्न होत नाही, उलट माया वाटते.

साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’वर १९५३ साली अत्रे यांनी चित्रपट काढला. पटकथा त्यांची, दिग्दर्शनही त्यांचेच. १९५४ साली राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक त्यास मिळाले. हसविणाऱ्या लेखकाने महाराष्ट्रास रडविले, याचे कित्येकांस नवल वाटले. आम्हांस ते वाटत नाही. पोहण्यास भिणाऱ्या श्यामला आई मारून विहिरीवर पाठविते, ते लोकांनी आपल्या मुलास भित्रा म्हणून हिणवू नये म्हणून. भित्र्या बगारामावर माया करणाऱ्या लेखकास त्या माउलीचे मन कळावे, यात नवल ते काय?

अत्रे १३ जून १९६९ रोजी निवर्तले. त्यांच्या चित्रपटांवरून एक कसोटी ध्यानी घ्यावी. वर्गात तोतऱ्या सोबत्याची नक्कल केली म्हणजे चाळीस मुले हसतात आणि एक मुलगा दुसऱ्या दिवशी शाळेत येत नाही. ज्याच्यावर आपण हसलो तोही ज्यात सामील होऊ शकतो, तोच खरा विनोद. पालकांनीही घरात हसू आले म्हणजे अभ्यास बुडाला असे मानू नये. मात्र मूल कोणास हसत आहे, इकडे अवश्य लक्ष द्यावे.