आधी तारीख, मग माल?

मोठ्या खर्चाचा व्हिडिओ गेम तयार व्हायला इतकी वर्षे का लागतात, असे घरातील मुलांनी आम्हाला विचारले. माहिती घेतली तेव्हा दिसले की, हा प्रश्न आपल्या धंद्याचाही आहे.

पोलंडच्या वॉर्सा शहरात १९९४ साली दोन शाळासोबत्यांनी गेमच्या सीडी विकण्याचा व्यापार सुरू केला. तीच 'सीडी प्रोजेक्ट' कंपनी. पुढे ते स्वतःच गेम बनवू लागले. २०१२ साली त्यांनी 'सायबरपंक २०७७' या गेमची घोषणा केली. पण बहुतेक कारागीर आधीच्या गेमवर गुंतले होते. पूर्ण ताकद लागली ती २०१६ नंतर.

असा गेम म्हणजे एक अख्खे शहर. इमारती काढणारा एक, माणसांत हालचाल भरणारा दुसरा. कथा लिहिणारा, आवाज देणारा, प्रोग्रॅम लिहिणारा वेगळाच. कथेतील एक प्रसंग बदलला की चित्र, हालचाल, आवाज सारे पुन्हा करावे लागते. आपल्याकडे रंगारी विणकराला ताणा पुन्हा भरायला सांगत नाही. तेथे हे नेहमी घडते. माणसे दुप्पट केली म्हणून मुदत निम्मी होत नाही, कारण नव्यांना शिकविण्यात जुन्यांचा वेळ जातो. शिवाय तोच गेम जुन्या-नव्या सर्व यंत्रांवर चालवून तपासावा लागतो.

एप्रिल २०२० ची तारीख तीनदा पुढे ढकलून १० डिसेंबरला माल बाजारात आला. आगाऊ मागणी ८० लाखांची होती. जुन्या यंत्रांवर गेम अडखळू लागला, मध्येच बंद पडू लागला. साधारण आठवडाभरात सोनी कंपनीने तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढला व पैसे परत देऊ केले. संस्थापकांपैकी मार्चिन इविन्स्की यांनी जानेवारी २०२१ मध्ये जाहीर माफी मागितली. कामाचा अंदाज चुकल्याचे कबूल केले. दुरुस्ती मात्र सोडली नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये मोठी सुधारणा आली आणि गेलेले नाव बरेचसे परत मिळाले.

आम्हीही एकदा लग्नसराईची तारीख गाठण्यासाठी रंग पक्का होण्याआधीच तागे पाठविले होते. पहिल्याच धुण्यात रंग उतरला. पैसे परत केले, पण ते गिऱ्हाईक दोन वर्षे दुकानाची पायरी चढले नाही.

तेव्हा बंधूंनो, तीन गोष्टी ध्यानात ठेवा :

१) तारीख देण्यापूर्वी शेवटचा हात फिरविणाऱ्या कारागिराला विचारा.

२) तपासणीचे दिवस मुदतीत आधीच धरा.

३) चूक झालीच तर लपवू नका, माल दुरुस्त करून द्या.

उशिराने गिऱ्हाईक रागावते. अर्धवट मालाने ते कायमचे तुटते.