पाठ ७ : दोन कॉम्पॅक्ट एसयूव्हींची तुलना – गाडी बुक करण्याआधीचा हिशेब

या पाठात आपण शिकू :
• शोरूममधली किंमत आणि रस्त्यावर येईपर्यंतचा खर्च यांत किती अंतर असते
• बेंगळुरूत रोड टॅक्स कसा मोजतात
• दोन गाड्यांचा पाच वर्षांचा खर्च शेजारी शेजारी कसा मांडावा
• बचतीतले किती पैसे गाडीत घालावेत

घरानंतर बहुतेक कुटुंबांची सर्वांत मोठी खरेदी म्हणजे गाडी. घराची किंमत वाढण्याची आशा तरी असते, गाडीची मात्र दरवर्षी कमी होते. तरीही तुलना करताना आपण सनरूफ, स्क्रीनचा आकार आणि रंग यांवर जास्त बोलतो आणि पैशांचा हिशेब एका कोटेशनवर उरकतो. या पाठासाठी आपण रस्त्यावर नेहमी दिसणाऱ्या दोन गाड्या घेऊ : टाटा नेक्सॉन आणि मारुती सुझुकी ब्रेझा. कोणती चांगली हे ठरवणे हा या पाठाचा हेतू नाही. तुलनेची रीत एकदा समजली की ती कोणत्याही दोन गाड्यांना लावता येते.

१. दिसायला सारख्या, करात वेगळ्या

दोन्ही गाड्यांची लांबी ३,९९५ मिलिमीटर, म्हणजे चार मीटरला फक्त पाच मिलिमीटर कमी. हा योगायोग नाही. चार मीटरच्या आतल्या छोट्या गाड्यांना कमी जीएसटी लागतो. पण त्याला दुसरी अटही आहे : पेट्रोल किंवा सीएनजी इंजिन १,२०० सीसीपर्यंत आणि डिझेल इंजिन १,५०० सीसीपर्यंतच हवे.

नेक्सॉनचे टर्बो पेट्रोल इंजिन तीन सिलिंडरचे, १,१९९ सीसीचे आहे, तर डिझेल इंजिन १,४९७ सीसीचे. दोन्ही मर्यादेत बसतात. २०२२ साली आलेल्या ब्रेझाचे चार सिलिंडरचे पेट्रोल इंजिन १,४६२ सीसीचे आहे, ते बसत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे नवे दर लागू झाले, तेव्हा नेक्सॉनच्या पेट्रोल गाडीवरचा कर उपकरासह २९ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. ब्रेझावरचा ४५ टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर आला.

यातून दोन गोष्टी घ्या. एक, सप्टेंबर २०२५ पूर्वीची किमतींची तुलना आता उपयोगाची नाही. दोन, गाडीच्या किमतीतला मोठा भाग कराचा असतो. त्यामुळे महाग गाडी म्हणजे तितकीच जास्त गाडी असे समजू नका.

२. बेंगळुरूचा रोड टॅक्स आणि दहा लाखांची रेषा

कर्नाटकात खासगी गाडीचा रोड टॅक्स एकदाच, आजीवन भरावा लागतो. तो गाडीच्या किमतीवर टप्प्यांनी ठरतो : पाच ते दहा लाखांपर्यंत १४ टक्के, दहा ते वीस लाखांपर्यंत १७ टक्के. त्या करावर ११ टक्के उपकर असतो. जास्तीचा दर फक्त दहा लाखांवरच्या रकमेला लागत नाही, पूर्ण किमतीला लागतो. म्हणून ही रेषा महत्त्वाची.

उदाहरण पाहा :
• किंमत ९,९५,००० रुपये : कर आणि उपकर मिळून सुमारे १,५४,६०० रुपये
• किंमत १०,०५,००० रुपये : कर आणि उपकर मिळून सुमारे १,८९,६०० रुपये

गाडी दहा हजारांनी महाग झाली आणि कर पस्तीस हजारांनी वाढला. शिवाय किंमत दहा लाखांच्या वर गेली की विक्रेता एक टक्का टीसीएस घेतो. ही रक्कम खर्चात जात नाही. ती तुमच्या पॅनवर जमा होते आणि आयकर विवरणपत्र भरताना करातून वजा होते किंवा परत मिळते. पण गाडी घेतानाच ती खिशातून द्यावी लागते. म्हणून विक्रेता 'थोडेच जास्त' म्हणून वरचे व्हेरिएंट सुचवतो तेव्हा आधी विचारा : याने दहा लाखांची रेषा ओलांडते का?

महाराष्ट्रात पेट्रोल गाडीला दहा लाखांपर्यंत ११ टक्के कर आहे. त्यामुळे कोल्हापुरात किंवा पुण्यात गाडी घेऊन बेंगळुरूला आणावी, असा सल्ला नातेवाईक देतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ नुसार दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून जास्त काळ ठेवलेल्या गाडीची तिथे नव्याने नोंदणी करावी लागते. मग कर्नाटकाचा कर भरायचा आणि महाराष्ट्रातला उरलेला कर परत मागत आरटीओच्या फेऱ्या मारायच्या. राहायचे बेंगळुरूतच असेल तर नोंदणी इथेच करावी. बेळगावात घेतली तरी कर तोच लागतो, कारण राज्य एकच आहे.

३. आपण खरोखर किती किलोमीटर चालवणार?

समजा, बनशंकरीत राहणारे एक जोडपे आहे. दोघांची नोकरी इलेक्ट्रॉनिक सिटीत, गाव निपाणी. ऑगस्ट २०२५ मध्ये मेट्रोची यलो लाइन सुरू झाल्यापासून ते ग्रीन लाइनने आर. व्ही. रोडला येतात आणि तिथे गाडी बदलून ऑफिस गाठतात. कार लागते ती शनिवार-रविवारी, आईवडिलांना दवाखान्यात नेण्यासाठी आणि वर्षातून दोनदा गावी जाण्यासाठी. त्यांनी हिशेब केला तेव्हा वर्षाचे किलोमीटर ७,००० च्या आसपास निघाले.

हा आकडा कळला की इंधनाचा प्रश्न सुटतो. धरून चालू की सीएनजी गाडीला ९५,००० रुपये जास्त पडतात. पेट्रोल १०३ रुपये लिटर आणि शहरातला मायलेज १२ असेल, तर किलोमीटरला सुमारे ८ रुपये ६० पैसे लागतात. सीएनजी ९० रुपये किलो आणि मायलेज १८ असेल, तर ५ रुपये. बचत किलोमीटरमागे साधारण ३ रुपये ६० पैसे. जास्तीचे ९५,००० वसूल व्हायला सुमारे २६,५०० किलोमीटर चालवावे लागेल. वर्षाला ७,००० किलोमीटर चालवणाऱ्याला त्यासाठी पावणेचार वर्षे लागतील, वर्षाला २०,००० चालवणाऱ्याला सव्वा वर्ष. डिझेलसाठीही हेच गणित करा.

कंपनीने जाहीर केलेला मायलेज चाचणीतला असतो. सिल्क बोर्डच्या गर्दीत तो मिळत नाही. दोन्ही गाड्यांसाठी आपल्या भागातल्या मालकांना विचारून आकडा घ्या.

४. पाच वर्षांचा हिशेब

आता दोन पेट्रोल गाड्या शेजारी मांडू. खालचे आकडे हिशेबाची रीत दाखवण्यासाठी धरले आहेत, ते कोणत्याही एका कंपनीचे नाहीत. तुमच्या हातातल्या कोटेशनचे आकडे त्यांच्या जागी लिहा.

पहिली गाडी :
• शोरूम किंमत ९,६०,०००
• रोड टॅक्स व उपकर १,४९,०००
• पाच वर्षांचा विमा १,४०,०००
• इंधन (३५,००० किमी) ३,००,०००
• सर्व्हिस व टायर ७५,०००
• एकूण १६,२४,०००
• वजा : पाच वर्षांनी विकून मिळणारे ४,३०,०००
• निव्वळ खर्च ११,९४,०००

दुसरी गाडी :
• शोरूम किंमत १०,४०,०००
• रोड टॅक्स व उपकर १,९६,०००
• पाच वर्षांचा विमा १,५०,०००
• इंधन (३५,००० किमी) २,७७,०००
• सर्व्हिस व टायर ६०,०००
• एकूण १७,२३,०००
• वजा : पाच वर्षांनी विकून मिळणारे ५,२०,०००
• निव्वळ खर्च १२,०३,०००

शोरूममध्ये ८०,००० रुपयांचा फरक होता, तो पाच वर्षांत ९,००० वर आला. म्हणजे दोन्ही गाड्या जवळपास सारख्याच पडतात का? कागदावर हो. पण दुसऱ्या गाडीची बचत मुख्यतः विक्रीच्या किमतीवर उभी आहे आणि तो आकडा अंदाजाचा आहे. ती ५,२०,००० ऐवजी ४,७०,००० ला गेली, तर फरक ५९,००० होतो. आज द्यायचे पैसे मात्र पक्के असतात.

पहिल्या गाडीचा खर्च पाच वर्षांच्या किलोमीटरने भागला तर किलोमीटरला सुमारे ३४ रुपये येतात. त्यात कर्जाचे व्याज धरलेले नाही. मागच्या तीन महिन्यांची टॅक्सीची बिले काढून त्यांच्याशी हा आकडा ताडून पाहा. गाडीची सोय किती किमतीला पडते हे तेव्हाच कळेल.

५. आज खिशातून किती जातील?

पहिल्या वर्षाचा विमा अनुक्रमे ४५,००० आणि ४८,००० धरला, तर पहिल्या गाडीची ऑन-रोड किंमत ११,५४,००० होते. दुसरीची, टीसीएस धरून, १२,९४,०००. म्हणजे आज १,४०,००० रुपये जास्त लागतात.

आपल्या जोडप्याकडे बचत ६,००,००० आहे आणि घरखर्च महिना ५०,०००. ते दोन्ही गाड्यांसाठी ८,००,००० चेच कर्ज घेऊ शकतात.
• पहिली गाडी घेतली तर बचतीतून ३,५४,००० जातात, उरतात २,४६,०००. पाच महिन्यांचा घरखर्च निघतो.
• दुसरी घेतली तर ४,९४,००० जातात, उरतात १,०६,०००. जेमतेम दोन महिन्यांचा.

आयटीतली नोकरी सुटली, आईचे ऑपरेशन निघाले, तर दोन महिने पुरत नाहीत. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवावा, असे आपण पाठ २ मध्ये शिकलो. त्या मापाने पहिली गाडीही थोडी ओढाताणीचीच आहे. दुसरीच हवी असेल तर थांबणे हाही पर्याय आहे. महिना २०,००० बाजूला टाकले तर १,४०,००० सात महिन्यांत जमतात, आणि तेवढ्या काळात हप्ता झेपतो की नाही याची रंगीत तालीमही होते.

६. कर्ज घेताना

८,००,००० रुपये कर्ज, ९ टक्के घटत्या शिलकीवर :
• ५ वर्षे : हप्ता सुमारे १६,६००, एकूण व्याज सुमारे १,९६,०००
• ७ वर्षे : हप्ता सुमारे १२,९००, एकूण व्याज सुमारे २,८१,०००

हप्ता ३,७०० ने कमी दिसतो, पण व्याज ८५,००० ने वाढते. कोणी '९ टक्के फ्लॅट' म्हणाले तर सावध व्हा. फ्लॅट दरात पूर्ण रकमेवर पाचही वर्षे व्याज लागते : ३,६०,००० रुपये. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक किरकोळ कर्जासोबत मुख्य तथ्य विवरण द्यावे लागते. त्यात सगळे शुल्क धरून वार्षिक दर लिहिलेला असतो. दोन बँकांची तुलना त्याच आकड्यावर करा. स्थिर दराचे कर्ज मुदतीआधी फेडल्यास किती शुल्क, हेही विचारा. कर्ज फिटले की बँकेचे ना-हरकत पत्र घेऊन आरसीवरचा बोजा उतरवायला विसरू नका.

७. पैशाने न मोजता येणारे

सुरक्षेचे तारे पाहा, पण कोणत्या वर्षीच्या मॉडेलला मिळाले तेही पाहा. डिसेंबर २०१८ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत पाच तारे मिळवणारी नेक्सॉन ही पहिली भारतीय गाडी होती. त्याच वर्षी जुन्या व्हिटारा ब्रेझाला चार तारे मिळाले. ते तारे २०२२ च्या ब्रेझाला लागू होत नाहीत. १ ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप ही आपली स्वतःची चाचणी सुरू झाली आहे. तुम्ही घेणार त्या मॉडेलचा निकाल तिथे शोधा.

टेस्ट ड्राइव्ह रिकाम्या रस्त्यावर घेऊ नका. घरच्यांना बसवून, संध्याकाळच्या गर्दीत, उंच गतिरोधकांवरून घ्या. आईवडिलांना चढता-उतरता येते का, सोसायटीच्या पार्किंगमध्ये दार उघडते का, हे पाहा.

बुक करण्याआधी विचारा

१. कोटेशनमध्ये किंमत, रोड टॅक्स, विमा, टीसीएस आणि इतर शुल्क वेगवेगळे लिहिले आहे का? 'हँडलिंग'च्या नावाखाली काय घेतले आहे?
२. विमा बाहेरून घेतला तर किती वाचतात? नव्या कारला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे, पण तो शोरूमकडूनच घेण्याची सक्ती नाही.
३. वर्षाचे किलोमीटर कागदावर लिहिले का?
४. डाउन पेमेंट केल्यावर किती महिन्यांचा घरखर्च उरतो?

स्वाध्याय : तुम्हाला आवडलेल्या दोन गाड्यांची कोटेशन आणा आणि भाग ४ मधला हिशेब स्वतः मांडा. विक्रीची किंमत ५०,००० ने कमी धरून तो पुन्हा करा. दुसऱ्या वेळीही जी गाडी परवडते आणि जी घेतल्यावर आणीबाणीचा निधी शाबूत राहतो, तिचाच विचार करा.