किनाऱ्यावरचे ३३ अंश : उन्हाळ्याचा अंदाज कसा वाचावा?



मार्चच्या मध्यावर आपल्याकडे शाळा अर्ध्या दिवसाच्या होतात आणि एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात सुट्टी लागते. आपल्यापैकी कितीतरी कुटुंबे सुट्टीत मुंबई, रायगड, रत्नागिरी किंवा सिंधुदुर्गात नातेवाइकांकडे जातात. कोणी विशाखापट्टणमचा समुद्र पाहून येतात. निघण्याआधी वर्तमानपत्रात दिसते : हैदराबाद ४०, रत्नागिरी ३३. मग घरात कोणीतरी म्हणतेच, "चला, सात अंशांनी सुटका झाली!" वजाबाकी बरोबर आहे, पण शरीर अशी वजाबाकी करत नाही. असे का, हा आजचा पाठ.

घाम आणि कूलर

आपल्या घरातला कूलर कसा काम करतो? ओल्या गवतातून हवा जाते, पाण्याची वाफ होते आणि वाफ होताना ते पाणी हवेतली उष्णता घेते. मडक्यातले पाणी याच कारणाने थंड राहते. आपले शरीरही असाच एक कूलर आहे. एक ग्रॅम घाम त्वचेवरून पूर्ण वाळला, तर तो सुमारे ५८० कॅलरी उष्णता बरोबर घेऊन जातो. मात्र घाम वाळला तरच. नुसता टपकून गेला, तर शरीरातले पाणी व मीठ गेले आणि गारवा काही मिळाला नाही.

हैदराबादची एप्रिलमधली दुपारची हवा कोरडी असते, म्हणून घाम वाळतो आणि कूलर चालतो. कोकणच्या हवेत बाष्प इतके असते की ती आणखी बाष्प सहजासहजी घेत नाही. तेथे कूलर निरुपयोगी ठरतो, आणि शरीराचा कूलरही मंदावतो.

तापमान व आर्द्रता यांचा एकत्र विचार करून 'उष्णता निर्देशांक' काढतात. शरीराला किती गरम वाटेल, ते त्यावरून कळते. दोन उदाहरणे पाहा :

• तापमान ४० अंश, सापेक्ष आर्द्रता २० टक्के : निर्देशांक सुमारे ३९ अंश.
• तापमान ३२ अंश, सापेक्ष आर्द्रता ७० टक्के : निर्देशांक सुमारे ४१ अंश.

म्हणजे आठ अंश कमी असलेले ठिकाण शरीराला जास्तच गरम वाटले! हे आकडे सावलीतले आहेत. उघड्या उन्हात त्यात आणखी ८ अंशांपर्यंत भर पडू शकते.

किनाऱ्यासाठी वेगळी मोजपट्टी

भारतीय हवामान विभागाने उष्णतेच्या लाटेसाठी सर्वत्र एकच आकडा ठेवलेला नाही. कमाल तापमान मैदानी प्रदेशात किमान ४० अंश, किनारपट्टीवर ३७ अंश आणि डोंगराळ भागात ३० अंश झाले, तरच लाटेचा विचार होतो. शिवाय ते त्या ठिकाणच्या सामान्य तापमानापेक्षा किमान साडेचार अंशांनी अधिक असावे लागते. 'सामान्य' म्हणजे तेथील तीस वर्षांची सरासरी. सध्या त्यासाठी १९९१ ते २०२० हा काळ धरतात. किनाऱ्याचा आकडा मैदानापेक्षा कमी का, हे आता तुम्हीच सांगू शकाल.

मार्च महिन्याची गंमत

भूगोलात आपण खारे वारे शिकतो. दिवसा जमीन लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्रावरची थंड हवा तिची जागा घ्यायला येते. खारे वारे हे किनाऱ्याचे छत्रच समजा. परंतु फेब्रुवारी-मार्चमध्ये कधी कधी पूर्वेकडून कोरडे, गरम वारे जोरात वाहतात. तेव्हा खारे वारे उशिरा सुरू होतात आणि पारा एकदम चढतो. मुंबईत सांताक्रूझ येथे २८ मार्च १९५६ रोजी ४१.७ अंश तापमान नोंदले गेले, तेही जेथे मार्चचे सरासरी कमाल तापमान ३३ अंशांच्या आसपास असते! अशा उष्णतेत हापूसची कोवळी फळे गळतात, म्हणून बागायतदारही याच काळात अंदाजाकडे डोळे लावून असतात.

पुढे एप्रिल-मेमध्ये पारा इतका चढत नाही, पण दमटपणा वाढतो. म्हणून किनाऱ्यासाठी 'उष्ण व दमट हवामान' असा वेगळा इशाराही दिला जातो. 'लाट नाही' म्हणजे 'धोका नाही' असे समजू नये.

अंदाजाचे प्रकार

हवामान विभाग फेब्रुवारीअखेर मार्च ते मे या काळाचा आणि मार्चअखेर एप्रिल ते जूनचा अंदाज देतो. त्यात मोठ्या प्रदेशासाठी केवळ शक्यता सांगितलेली असते. वर्षाच्या सुरुवातीला वर्गशिक्षक म्हणतात, "यंदा दहावीचा निकाल चांगला लागेल." त्यावरून कोणाला गणितात किती गुण पडतील हे कळत नाही, तसेच हे आहे. प्रवासाचा दिवस ठरवायचा असेल, तर त्या आठवड्याचा जिल्हावार इशारा पाहावा. हिरवा म्हणजे काळजी नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा आणि लाल म्हणजे तातडीने काळजी घ्या.

समुद्रात उतरणार असाल, तर लाटांचा अंदाजही पाहा. तो देणारी राष्ट्रीय संस्था आपल्याच हैदराबादेत, प्रगतीनगर येथे आहे, हे किती जणांना ठाऊक आहे? दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळांनी उठलेल्या लाटा हजारो किलोमीटर प्रवास करून आपल्या किनाऱ्यावर येतात. येथे आभाळ निरभ्र आणि वारा शांत असतो, तरी पाणी अचानक आत घुसते. मल्याळी लोक याला 'कल्लक्कडल' म्हणतात, म्हणजे चोरपावलांनी येणारा समुद्र. असा इशारा असेल त्या दिवशी पाण्यात जाऊ नये.

खारघरचा धडा

१६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईतील खारघर येथे महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा मोकळ्या मैदानात झाला. लाखो लोक भर उन्हात बसले होते. त्या परिसरातले तापमान ३८ अंशांच्या आसपास होते. आपण हैदराबादकर ३८ ऐकून म्हणतो, "एवढे तर रोजचेच आहे." परंतु त्या दिवशी उष्माघाताने १४ जणांचे प्राण गेले. खाडीजवळची दमट हवा, डोक्यावर सूर्य, तासन्‌तास बसणे आणि गर्दी या सर्वांची बेरीज त्या एका आकड्यात दिसत नव्हती.

म्हणून माझी विश्वस्त मंडळींना नम्र विनंती आहे. महाराष्ट्र दिन भर उन्हाळ्यात येतो. झेंडावंदन असो, लेझीम असो वा स्पर्धा असोत, उघड्यावरचा कार्यक्रम सकाळी नऊच्या आत संपावा किंवा संध्याकाळी व्हावा. मांडव आणि पाणी यांचा खर्च सजावटीच्या आधी धरावा. मुलांना रांगेत उभे करून पाहुण्यांची वाट पाहायला लावू नये.

पालकांनी प्रवासात मुलांना दर अर्ध्या तासाने पाणी, ताक, पन्हे किंवा कोकम सरबत द्यावे. कपडे सैल व सुती असावेत. दुपारी बारा ते तीन उन्हात जाणे टाळावे. अंग तापले आणि मूल असंबद्ध बोलू लागले वा शुद्ध हरपू लागली, तर तो उष्माघात समजावा. त्याला सावलीत न्यावे, अंगावर पाणी ओतून वारा घालावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये.

स्वाध्याय

१. सात दिवस हैदराबाद आणि रत्नागिरी येथील कमाल तापमान व आर्द्रता एका तक्त्यात लिहा. कोणत्या दिवशी रत्नागिरी अधिक त्रासदायक असेल?
२. एक ओला रुमाल सकाळी न्हाणीघरात आणि दुसरा गच्चीत सावलीत वाळत घाला. कोणता आधी वाळतो? कारण लिहा.
३. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या नातेवाइकांना विचारा : तुमच्याकडे दुपारी खारे वारे किती वाजता सुरू होतात?

सुट्टी संपल्यावर तक्ते शाळेत आणा. चांगले तक्ते विज्ञान कक्षात लावू. सर्वांना सुखाची सुट्टी लाभो!

— मुख्याध्यापक