बाजार पडतो तेव्हा खरेदी कोणी करावी?



कापडाच्या धंद्यात उमर घालवलेल्या माणसाला एक गोष्ट शिकवावी लागत नाही. ग्रे कापडाचे भाव कोसळले की ज्याच्या गल्ल्यात रोकड आहे तो गाजावाजा न करता गोदाम भरून ठेवतो. पावसाळ्यात गिऱ्हाईक नसते, मागवाल्याला मजुरी चुकवायची असते, सुताचे पेमेंट तोंडावर आलेले असते. तो बिचारा पडत्या भावात ताके देऊन मोकळा होतो. दिवाळी जवळ आली की तेच ताके चढ्या भावाने जातात. शेअर बाजारात यालाच प्रवाहाविरुद्धची खरेदी म्हणतात. सगळे विकत असताना घ्यायचे, सगळे घेत असताना विकायचे.

ऐकायला सोपे आहे. पण हाच कापडवाला शेअर बाजारात पाऊल ठेवतो तेव्हा त्याची अक्कल उलटी चालू लागते. शेजारच्या दुकानदाराने नफा कमावला असे कानावर आले की हा खाते उघडतो, म्हणजे तेजीच्या शेवटी शिरतो. बाजार निम्मा झाला की घाबरून विकतो. १९९२ मध्ये हेच झाले, २००० मध्ये झाले, २००८ मध्येही झाले. म्हणून या विषयाचा नीट हिसाब मांडावा असे वाटले. उलट्या खरेदीचे गुणगान सगळेच करतात, तिच्यात बुडालेल्यांबद्दल कोणी बोलत नाही. मी त्यांच्यापैकी एक आहे, त्यामुळे दोन्ही बाजू सांगतो.

आधी हे ध्यानात घ्या की माल स्वस्त होण्याची कारणे सारखी नसतात. एक, मालाला डाग आहे. दोन, फॅशन गेली, आता तो कधीच खपणार नाही. तीन, माल चोख आहे पण विकणारा अडचणीत आहे. नफा फक्त तिसऱ्या मालात असतो. भावाची चिठ्ठी मात्र तिन्हींवर सारखीच दिसते.

आता उदयोन्मुख बाजारांकडे वळू. हा शब्द १९८१ मध्ये अँटोइन व्हॅन आगटमाएल या गृहस्थांनी प्रचारात आणला. ते जागतिक बँकेच्या इंटरनॅशनल फायनान्स कॉर्पोरेशनमध्ये होते. तिसऱ्या जगात पैसे गुंतवा असे म्हटले तर धनिक लोक पळत, म्हणून हे गोड नाव दिले. कोरिया, थायलंड, मलेशिया, ब्राझील, आपला हिंदुस्थान हे सारे त्यात आले. या बाजारांची एक खासियत आहे. इथे परदेशी फंडांचा पैसा मोठा असतो, आणि तो पैसा त्या फंडांचाही नसतो, त्यांच्या लंडन-न्यूयॉर्कच्या गिऱ्हाइकांचा असतो. तिकडे गिऱ्हाइकाने पैसे परत मागितले की फंडाला इकडे विकावेच लागते, मग कंपनी कितीही चोख असो. आपल्या मागवाल्यासारखीच त्याची गत होते. म्हणून हे बाजार पडतात तेव्हा गरजेपेक्षा जास्त खोल जातात, आणि म्हणूनच इथे उलट्या खरेदीला वाव आहे.

याचा सर्वात मोठा धडा कोरियाने दिला. २ जुलै १९९७ रोजी थायलंडने आपले चलन बाथ मोकळे सोडले आणि ते कोसळले. आग पसरत कोरियापर्यंत गेली. तिथल्या बड्या उद्योगसमूहांनी कर्जे बेसुमार काढली होती. पहिल्या तीस समूहांचे कर्ज १९९७ अखेर स्वतःच्या भांडवलाच्या पाचपटीहून अधिक होते. डिसेंबर १९९७ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या पुढाकाराने पन्नास अब्ज डॉलरहून मोठ्या मदतीचा करार झाला. एका डॉलरला आधी सुमारे नऊशे वॉन पडत, त्या डिसेंबरात दोन हजारांच्या जवळ पडू लागले. जानेवारी १९९८ मध्ये लाखो कोरियन लोकांनी अंगावरचे, घरातले सोने देशाचे कर्ज फेडण्यासाठी रांगा लावून दिले. सव्वादोनशे टनांच्या आसपास सोने जमले. बायकांनी लग्नाच्या अंगठ्या काढून दिल्या. त्या वेळी कोरियाचे शेअर घ्या असे कोणी म्हटले असते तर लोकांनी त्याला वेड्यात काढले असते.

जून १९९८ मध्ये कोरियाचा निर्देशांक २८० पर्यंत घसरला. जुलै १९९९ मध्ये तो एक हजाराच्या वर होता. तेरा महिन्यांत साडेतीन पट. शिवाय वॉनही सावरला, त्यामुळे डॉलर घेऊन आलेल्याला दुहेरी फायदा झाला. ऑगस्ट २००१ मध्ये कोरियाने नाणेनिधीचे कर्ज मुदतीआधी फेडून टाकले.

पण याच कोरियात, याच काळात देवू हा देशातल्या सर्वात मोठ्या समूहांपैकी एक मोडून पडला. १९९९ मध्ये निर्देशांक चढत असताना देवूचे भागधारक बुडत होते. दोघांनीही पडत्या भावातच खरेदी केली होती. फरक कर्जाचा होता. देवूने संकटातही हात आखडता घेतला नाही, कर्ज काढून पसारा वाढवतच राहिला. आणि एक हजार गाठलेला तो निर्देशांकही २००० अखेर पुन्हा पाचशेच्या आसपास आला होता, हेही विसरू नये.

थायलंडचे उदाहरण यापेक्षा कडू आहे. जानेवारी १९९४ मध्ये तिथला निर्देशांक १७५३ होता. १९९६ अखेर तो ८३१ वर आला. निम्म्याहून खाली आला, आता आणखी किती पडणार, असे म्हणून ज्याने तेव्हा घेतले त्याने सप्टेंबर १९९८ मध्ये २०७ चा भाव पाहिला. म्हणजे निम्म्यात घेतलेला माल पुन्हा पाव झाला. ज्यांनी तिथल्या वित्त कंपन्या स्वस्त म्हणून घेतल्या त्यांचे काय? डिसेंबर १९९७ मध्ये सरकारने एका झटक्यात ५६ वित्त कंपन्या कायमच्या बंद केल्या. आणि १९९४ चा तो उच्चांक ओलांडायला २०१८ साल उजाडले. चोवीस वर्षे!

दुसरा धोका दरवाजाचा. १ सप्टेंबर १९९८ रोजी मलेशियाने परदेशी गुंतवणूकदारांचा पैसा एक वर्ष देशाबाहेर नेण्यास बंदी केली आणि लगेच डॉलरचा भाव ३.८० रिंगिट असा बांधून टाकला. देशाला त्याचा फायदा झाला की तोटा, यावर विद्वान आजही भांडतात. पण ज्याला त्या वर्षी पैसे हवे होते त्याच्यासाठी दार बंद होते. रशियाने तर २०२२ मध्ये कहर दाखवला. १९९८ मध्ये तिथला निर्देशांक वर्षभरात ५७१ वरून ३८ वर आला होता, तेव्हा हिंमत करून घेणाऱ्यांनी पुढल्या दहा वर्षांत अमाप कमावले. तोच तजुर्बा मनात धरून ज्या परदेशी लोकांनी युद्धाच्या तोंडावर स्वस्त रशियन शेअर घेतले त्यांचा माल अडकून पडला. मार्च २०२२ मध्ये एमएससीआय या निर्देशांक कंपनीने रशियन शेअर जवळजवळ शून्य भाव धरून यादीतून काढले. कंपन्या चालू होत्या, तेल निघत होते, मालकाला मात्र विकता येत नव्हते.

आपल्याकडे या. १० जानेवारी २००८ रोजी सेन्सेक्स २१,२०६ ला शिवला होता. भानगड अमेरिकेतल्या घरकर्जांची, पण परदेशी संस्थांनी त्या वर्षात आपल्या बाजारातून पन्नास हजार कोटी रुपयांहून अधिक काढून नेले. ९ मार्च २००९ रोजी सेन्सेक्स ८,१६० वर बंद झाला.

आमच्या पेठेतला एक व्यापारी, हुशार माणूस, त्याने ऑक्टोबर २००८ मध्ये खरेदी केली. कंपन्या निवडल्या त्याही चांगल्या. पण पैसा होता दुकानाचा, खेळते भांडवल. सुताच्या व्यापाऱ्याला तीन महिन्यांनी द्यायचे होते ते. मंदी कापडातही आली, उधारी वसूल होईना, आणि सूतवाल्याने तगादा लावला. मार्चमध्ये त्याने सगळे विकले, घेतल्यापेक्षाही कमी भावात. १८ मे २००९ रोजी, निवडणुकीच्या निकालानंतर, सेन्सेक्स एका दिवसात २,११० अंश उडून १४,२८४ वर गेला. त्या दिवशी तो माझ्या दुकानात येऊन बसला, चहा घेतला, बाजाराचा विषय काढला नाही. त्याचा अंदाज चुकलेला नव्हता, पैसा चुकीचा होता. ज्याला विकावेच लागते त्याच्याकडून माल घ्यायला तो गेला, आणि पाच महिन्यांत स्वतःच तो विकणारा झाला.

माझी गोष्ट वेगळी. १९९८ मध्ये मी तरुण होतो, वडिलांनी धंद्यासाठी चाळीस हजार रुपये हाती दिले होते. एका कापड गिरणीचा शेअर १८० वरून २२ वर आला होता. गिरणीचे कापड मी विकत होतो, नाव मोठे होते, म्हणून घेतला. १२ ला आला तेव्हा आणखी घेतला. बँकांचे कर्ज किती, हे पाहिलेच नाही. कापड पाहिले, वही पाहिली नाही. पुढे व्यवहारच बंद झाले. ती कागदी सर्टिफिकिटे अजून कपाटात आहेत. वडील गेले, पण त्यांनी त्याबद्दल कधी एक शब्द विचारला नाही, हे जास्त टोचते.

तेव्हा पडलेला शेअर हाती घेण्याआधी कर्ज पाहा. डॉलरमधले असेल तर दुप्पट सावध राहा, कारण रुपया घसरला की ते आपोआप फुगते. आपल्या अनेक वाचकांना कोणत्या कंपनीचा शेअर जायज, हा प्रश्न आधी पडतो. त्याचा फैसला आलिम लोक देतील, मी देणार नाही. मलेशियाचे नियामक मंडळ तर १९९७ पासून अशा शेअरांची यादीच काढते. पण त्यात व्यापाऱ्याच्या कामाची एक गोष्ट आहे. अशा बहुतेक याद्यांत कर्जाला साधारण एक तृतीयांशाच्या आसपास मर्यादा असते, आणि उलट्या खरेदीत तगणारी कंपनी बहुधा कमी कर्जाचीच असते. मात्र एक पेच लक्षात ठेवा. काही याद्या कर्ज मोजतात ते कंपनीच्या बाजारभावाशी. शंभर कोटी बाजारमूल्याच्या कंपनीवर पंचवीस कोटी कर्ज असेल तर प्रमाण पाव. बाजार पडून मूल्य पन्नास कोटी झाले की तेच कर्ज निम्मे दिसते आणि कंपनी यादीतून बाहेर पडू शकते, नेमकी स्वस्त होते तेव्हाच. काही याद्या सरासरी भाव धरतात किंवा एकूण मालमत्तेशी तुलना करतात, त्यांत हा घोळ कमी होतो. यादी पाहताना मोजमाप कोणते, हे विचारावे.

आता थांबण्याचा प्रश्न. १९८५ मध्ये द बोंट आणि थेलर या दोन अभ्यासकांनी अमेरिकेच्या बाजाराची अनेक दशकांची आकडेवारी तपासली. मागल्या तीन वर्षांत सर्वात जास्त मार खाल्लेले शेअर पुढल्या तीन वर्षांत आधीच्या विजेत्यांपेक्षा सुमारे पंचवीस टक्क्यांनी सरस ठरले. यातल्या थेलर यांना २०१७ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. पण १९९३ मधल्या दुसऱ्या एका अभ्यासात उलटेच दिसले. सहा महिने ते वर्षभराच्या मुदतीत पडलेले शेअर बहुधा मागेच राहतात. दोन्ही खरे आहेत. म्हणून वर्षाच्या आत लागणाऱ्या पैशाने ही खरेदी करूच नये. मुलीचे लग्न, मागाचा हप्ता, हजचा खर्च, सुताचे पेमेंट, हे सगळे आधी वेगळे काढून जे उरते तेच इथे आणावे.

आणि एकाच कंपनीवर भार नको. जॉन टेम्पल्टन यांनी १९३९ मध्ये, महायुद्ध पेटले तेव्हा, एक डॉलरच्या आतल्या १०४ अमेरिकी कंपन्या घेतल्या. त्यातल्या ३४ दिवाळखोरीत होत्या, शेवटी अगदीच शून्य झाल्या त्या फक्त चार. त्यांनी पैसे उसने घेतले होते, हे लोक मोठ्या कौतुकाने सांगतात. पण ते आपल्या जुन्या मालकाकडून घेतले होते. भाव पडताच रात्री फोन करून आणखी पैसे भरा म्हणणारा दलाल त्यांच्या मागे नव्हता. आज ज्याला १०४ नावे धुंडाळणे जमत नाही त्याला निर्देशांकाचे फंड आहेत. मात्र निर्देशांकात बँकाही येतात, म्हणून वर सांगितलेला जायजचा प्रश्न असणाऱ्यांनी त्या तत्त्वांवर चालणारे फंड शोधावेत.

घ्यायचे तेही एका दमात नाही. २३ मार्च २०२० रोजी सेन्सेक्स एका दिवसात ३,९३४ अंशांनी पडून २५,९८१ वर आला. माझ्याकडे बाजूला काढलेली थोडी रक्कम होती, तिचे मी सहा भाग केले होते. दोन भाग त्याआधीच, चढ्या भावात लागले होते. तिसरा त्याच आठवड्यात लावला, हात थरथरत होता हे कबूल करतो. दुकानाचे शटर बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही. चौथा एप्रिलमध्ये लावला. उरलेले दोन भाग बाजार आणखी पडेल म्हणून राखून ठेवले, आणि तो पडला नाही. नोव्हेंबरात सेन्सेक्सने जानेवारीचा उच्चांक ओलांडला. ते दोन भाग तसेच राहिले, पुढे दुकान उघडल्यावर कारागिरांची थकलेली मजुरी त्यातून चुकवली.