लहानांसाठी पाणी : कोणते, केव्हा आणि कसे



गार पाण्याच्या प्याल्याविषयीचे प्रभूचे वचन आपल्यापैकी बहुतेकांना लहानपणापासून पाठ आहे. सेवाकार्याची वर्गणी गोळा करताना आमच्या मंडळीत ते हमखास वाचले जाते. या अभ्यासात मला त्या प्याल्यातल्या पाण्याबद्दलच बोलायचे आहे, आणि सुरुवात माझ्या एका चुकीपासून करायची आहे.

आठ वर्षांपूर्वीच्या नाताळात रावेतमधल्या आम्ही काही बहिणींनी वीटभट्टीवरच्या कुटुंबांसाठी भेटवस्तू जमवल्या. भट्टीवर बहुतेक कातकरी कुटुंबे होती. दिवाळी झाली की रायगडकडून यायची, पावसाच्या आधी परतायची. ब्लँकेट, स्वेटर आणि खाऊ यांच्याबरोबर तान्ह्या बाळांसाठी दूध पावडरचे डबे आणि बाटल्याही नेल्या. यादी मीच केली होती. ३१ वर्षे परिचारिका म्हणून नोकरी केलेली बाई मी. माझ्या यादीवर शंका कोण काढणार?

फेब्रुवारीत पुन्हा गेलो तेव्हा एका झोपडीत चार महिन्यांची मुलगी झोळीत निपचित पडली होती. डोळे खोल गेलेले, टाळू आत ओढलेली, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर सावकाश खाली जात होती. तीन दिवस जुलाब चालू होते. डबा संपत आला म्हणून आई एका बाटलीला एकच चमचा पावडर घालत होती. पाणी टँकरचे, ड्रममध्ये साठवलेले. त्याच ड्रममधून विटांचा चिखल भिजवायलाही पाणी जायचे. मी विचारले, "अंगावर पाजत नाहीस का?" ती म्हणाली, "बाई, तुमचं दूध डब्यातलं, भारी. म्हणून अंगावरचं कमी केलं. आता येतच नाही फारसं."

मुलगी पाच दिवस सलाईनवर होती. वाचली. पण बाटलीवर पोट भरलेले मूल अंगावर कमी ओढते आणि मूल ओढत नाही तसे दूध आटते, हे मी शिकवणीत शेकडो आयांना सांगितले होते. नाताळची यादी करताना मात्र ते माझ्या डोक्यात आले नाही.

पुढे मला आणखी एक गोष्ट कळली. आपल्या देशात १९९२ सालापासून शिशुदुग्धपर्यायांविषयीचा कायदा आहे. २००३ मध्ये तो अधिक कडक झाला. त्यानुसार बाळाच्या दुधाची पावडर आणि दूध पाजायच्या बाटल्या अनाथालयाखेरीज कुणालाही दान म्हणून वाटता येत नाहीत. कंपन्यांच्या फुकट डब्यांनी आईचे दूध सुटते, म्हणून हा कायदा झाला. म्हणजे त्या नाताळात आम्ही प्रेमाने जे केले ते बेकायदाही होते. आजही काही मंडळ्यांतून आदिवासी बाळांसाठी डबे पाठवू का, अशी विचारणा येते. कृपा करून पाठवू नका.

आता मूळ विषय. बाळाला कोणते पाणी द्यावे, या प्रश्नाचे पहिले उत्तर ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटते. सहा महिने पूर्ण होईपर्यंत कोणतेच नाही. उकळलेले नाही, बाटलीबंद नाही, चमचाभरही नाही. आईच्या दुधात शंभरातले जवळजवळ ८८ भाग पाणीच असते. मे महिन्याच्या उन्हातही बाळाची तहान त्याने भागते; फक्त जास्त वेळा पाजावे लागते, आणि आईने स्वतः भरपूर पाणी प्यावे लागते. वरून पाणी दिले की बाळाचे इवलेसे पोट भरते आणि दूध मागे पडते. पाणी जास्त झाले तर रक्तातले मीठ पातळ होऊन झटकेही येऊ शकतात. आणि जंतूंना आत शिरायला वाट मिळते ती वेगळीच. जन्मल्यावर मध चाटवणे, घुट्टी, साखरपाणी यांचेही तेच. मध तर एक वर्षापर्यंत नकोच. हे सारे आपल्या घरांतही चालते, तेव्हा फक्त पाड्यावरच्या आजीला नावे ठेवू नयेत.

काही बाळांना आईचे दूध खरेच मिळत नाही. आई वारलेली असते, फार आजारी असते. तिथे डॉक्टरांच्या सल्ल्याने पावडर द्यावी लागते, आणि मग पाण्याची जबाबदारी दुप्पट होते. पावडर निर्जंतुक नसते. म्हणून पाणी नुसते उकळून, थंड करून, त्यात पावडर ढवळणे पुरेसे नाही. पाणी उकळावे, अर्ध्या तासाच्या आत, ते अजून ७० अंशांच्या खाली गेलेले नसताना त्यात पावडर मिसळावी, आणि मग भांडे गार पाण्यात धरून कोमट करावे. डब्यावर लिहिलेले माप कमीही करू नये, वाढवूही नये. बाटलीऐवजी वाटी-चमचा. बाटलीच्या बुचात दूध साचून राहते आणि भट्टीवर ती रोज उकळणार कोण?

सहा महिन्यांनंतर वरचे अन्न सुरू झाले की पाणीही सुरू होते. इथे रावेतकरांनी आपल्याच नळाकडे पाहावे. पवना धरणातून सोडलेले पाणी मावळातल्या गावांजवळून उघड्या नदीपात्रातून वाहत रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत येते. तिथून महापालिका ते उचलते, निगडीला सेक्टर २३ च्या केंद्रात शुद्ध करते आणि मग शहराला देते. केंद्रातून निघताना ते पिण्याजोगे असते. पण नोव्हेंबर २०१९ पासून आपल्याकडे पाणी दिवसाआड येते. ज्या दिवशी नळी रिकामी असते, त्या दिवशी कुठे फट असेल तर बाहेरची घाण आत ओढली जाऊ शकते. पुढे सोसायटीची टाकी, गच्चीवरची टाकी, घरातला पिंप, आणि त्यात बुडणारा पेला, ही सगळी पाणी नासायची ठिकाणे. उन्हाळ्यात टँकर आले की कोणते पाणी कुठले हे वॉचमनलाही सांगता येत नाही.

२०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी या भागांत जीबीएसचे रुग्ण एकाएकी वाढले, ते सर्वांना आठवत असेल. हातापायांतली शक्ती घालवणारा हा आजार. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जंतू सापडला आणि दूषित पाण्याचा संशय बळावला. त्या आठवड्यांत आमच्या इमारतीत टीडीएस मोजायच्या यंत्राला फार मागणी आली. एका शेजाऱ्यांनी मला अभिमानाने दाखवले, "पाहा सिस्टर, फक्त ६०!" टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार. जंतू त्या आकड्यात दिसत नाहीत. ६० टीडीएसच्या पाण्याने जुलाब होऊ शकतात आणि ४०० टीडीएसचे पाणी बाळाला खुशाल चालू शकते. भारतीय मानकात ५०० पर्यंतचे पाणी चांगलेच धरले आहे. लग्नकार्यात येतात ते सील नसलेले गार पाण्याचे जारही मला भरवशाचे वाटत नाहीत. पाणी गार आहे म्हणून शुद्ध समजणे ही आपली जुनी खोड.

तेव्हा उकळणे हाच माझा सल्ला. तळाशी बुडबुडे दिसणे म्हणजे उकळी नव्हे. खळखळ उकळी आल्यावर पूर्ण एक मिनिट. वीस वीस मिनिटे आटवत बसायची गरज नाही. जंतू तेवढ्यात मरतात, उरलेला गॅस वाया जातो. पाणी गढूळ असेल तर आधी निवू द्यावे आणि चौपदरी स्वच्छ फडक्यातून गाळावे. तुरटीने गाळ बसतो, जंतू मरत नाहीत. मग ज्या भांड्यात उकळले त्याच भांड्यात, झाकण न काढता, गार होऊ द्यावे. काढायचे ते लांब दांड्याच्या ओगराळ्याने किंवा तोटीने. बोटे बुडली की सगळी मेहनत फुकट. बाळापुरते पाणी रोजचे रोज नवे करावे.

एक अपवाद लक्षात ठेवावा. शेतांजवळच्या विहिरी-बोअरच्या पाण्यात खतांमुळे नायट्रेट वाढलेले असू शकते. मानकाची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. तान्ह्या बाळाला ते घातक, अंग निळे पडते, आणि उकळल्याने ते जात नाही, उलट आटून वाढते. अशा पाण्याची तपासणी करून घ्यावी आणि तोवर बाळासाठी दुसरे पाणी पाहावे.

भट्टीवर मात्र उकळण्याचा उपदेश करताना जीभ अडखळते. सरपण विकत घ्यावे लागते किंवा तासभर चालून आणावे लागते. त्यावर आधी भाकरी भाजायची असते. तिथे आशाताईंकडून मिळणारे मेडिक्लोर किंवा क्लोरिनच्या गोळ्या उपयोगी पडतात. वेष्टनावर जेवढे लिहिले तेवढेच घालावे, ढवळावे आणि अर्धा तास थांबावे. वास आला तरी घाबरू नये. तेही नसेल तर ऊन आहे. स्वच्छ, पारदर्शक प्लॅस्टिकची बाटली नितळ पाण्याने भरून कडक उन्हात सहा तास आडवी ठेवावी. आभाळ असेल तर दोन दिवस.

हे सगळे आम्ही आयांना शिकवू लागलो आणि तरी जुलाब थांबेनात. मग आमच्यातल्या एका बहिणीने साधा प्रश्न विचारला, "बाळाला पाणी पाजतं कोण?" आई तर पहाटेपासून विटा थापत असते. पाजते ती सात-आठ वर्षांची बहीण. भाऊ रडला की ती समोर दिसेल त्या ड्रममध्ये पेला बुडवते. आम्ही दोन हंगाम चुकीच्या माणसाला शिकवत होतो! तेव्हापासून शिकवणी मुलींची घेतो. झाकणाचा डबा बाळाचा, बाकी कुणाचा नाही. हात साबणाने धुवायचे. ओगराळे खिळ्याला टांगायचे. एकीने मला बजावले, "बाई, तुम्ही पण हात धुवा ना."

इतके करूनही जुलाब झालेच तर जलसंजीवनी. १९७१ च्या निर्वासितांच्या लोंढ्यात बनगावच्या छावणीत सलाईन संपले, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ-साखरेचे पाणी तोंडाने पाजायला लावले, आणि ३० टक्क्यांच्या घरातले मृत्यू ४ टक्क्यांच्या खाली आले. मोठे पाकीट पूर्ण एक लिटर सुरक्षित पाण्यात. अर्धे पाकीट पेल्यात असा हिशेब नको. २४ तासांनी उरलेले टाकून द्यावे. जस्ताच्या गोळ्या १४ दिवस, आणि अंगावर पाजणे चालूच ठेवायचे. बाळ सहा महिन्यांच्या आतले असेल, शौचात रक्त असेल, ते पीत नसेल किंवा सुस्त पडले असेल, तर घरी वाट पाहू नये.

यंदाच्या हंगामासाठी ज्यांना काही द्यावेसे वाटते त्यांच्यासाठी सांगते. झाकण व तोटी असलेले दहा लिटरचे स्टीलचे डबे, लांब दांड्याची ओगराळी, अंगाचा साबण आणि छोट्या वाट्या-चमचे द्यावेत. क्लोरिनच्या गोळ्या विकत घेऊ नका. त्या आम्ही आरोग्य केंद्रातून घेतो म्हणजे मुदतीच्या मिळतात. वस्तू उपासनेनंतर माझ्याकडे किंवा महिला मंडळाच्या सेक्रेटरींकडे द्याव्यात. दिवाळीनंतरच्या दुसऱ्या शनिवारी पहिली फेरी आहे. गाडीत चार जागा रिकाम्या आहेत, आणि शिकवणीला हात धुवून दाखवणारे एखादे लहान मूल बरोबर आणलेत तर फार बरे.